सुमती बदलायची की काळ पुढे न्यायचा?

बामणोदच्या शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी तडतडत होती आणि आमचा वाद 'कल्की २८९८ एडी' या सिनेमाच्या पुढच्या भागावर पेटला होता. दीपिका पदुकोण त्यात नसेल, असं निर्मात्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. तेव्हापासून प्रश्न एकच: तिने साकारलेल्या सुमतीचं काय?

मावसभाऊ म्हणतो, दुसरी नटी घ्यावी. गोष्ट थांबली तिथूनच सुरू होईल. सोपं आहे खरं, पण पोटातल्या बाळाला जपत धावणारी सुमती डोळ्यांत बसलीय. चेहरा बदलला की दर प्रसंगाला ठेच लागणार.

मला काही वर्षांची उडी हवी. बाळ जन्मलेलं, अश्वत्थामा त्याचा राखणदार. पहिल्या भागाच्या शेवटी नायक भैरव सुमतीला घेऊन गेला, त्यानंतरचं आठवणींतून कळावं. शिवाय सुमतीच्या गर्भातून काढलेल्या थेंबभर सीरमने खलनायक यास्किनला नवं बळ आलंय, गांडीव त्याच्या हाती आहे. अर्जुनाचं धनुष्य शत्रूकडे आणि समोर भैरवाच्या रूपात कर्ण! एवढ्यासाठी मी जळगावात पहिल्या शोला जाणार. फक्त सुमतीला दोन वाक्यांत संपवू नका, पहिला भाग तिच्याच जिवावर उभा होता.