उष्णतेच्या प्रयोगांचा शालेय संच: तांबं उत्तम, तापमापी मात्र बदलून घ्या

दहावीचं 'उष्णता' हे प्रकरण आणि अकरावी-बारावीची भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं, दोन्हींना चालेल असा एक संच मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट भागातल्या प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानांत मिळतो. माल अंबाल्याचा, ठळक ब्रँड नसलेला. त्यात झाकण आणि ढवळणीसह तांब्याचा कॅलरीमापी (उष्णतेची देवघेव मोजायचं भांडं), त्याची नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर असलेली लाकडी पेटी, लोखंड, तांबं, शिसं आणि ॲल्युमिनियमचे गोळे, मेणाचा ट्रे, गोळा आणि कडं, होपचं उपकरण (पाण्याची घनता ४ अंशांवर कमाल असते हे दाखवणारं), १२ व्होल्टची तापक कुंडली आणि काचेचे दोन तापमापी येतात. गोळा वाफेनं कोरडा तापवायचा हिप्सोमीटर वेगळा घ्यावा लागतो.

आधी निकाल सांगतो: संच घेण्यासारखा आहे, पण जसा येतो तसा वापरला तर विशिष्ट उष्म्याचं (एक ग्रॅम पदार्थ एक अंशानं तापवायला लागणाऱ्या उष्णतेचं) उत्तर दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतं. मग मुलं शेवटचा आकडा पुस्तकातून उतरवतात आणि प्रयोगाचा अर्थच जातो. दोष तांब्यात नाही. तो तापमापीत आहे, ओल्या गोळ्यात आहे आणि मुंबईच्या दमट हवेत आहे. तिन्हींवर उपाय आहेत.

कॅलरीमापीपासून सुरुवात करू, कारण पैसे खरे त्याचेच. भांडं एकसंध पत्र्यातून ओढलेलं आहे, तळ डाग देऊन (सोल्डरनं) जोडलेला नाही. ही चांगली गोष्ट, कारण डाग दिलेला तळ गळायला लागला की संपलं. बाहेरून चकचकीत पॉलिश आहे, ते शोभेसाठी नाही. चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचं प्रारण कमी करतो, म्हणून काळं पडलेलं भांडं जास्त उष्णता गमावतं. खाऱ्या दमट हवेत तांबं लवकर काळवंडतं, तेव्हा चिंचेनं किंवा पितांबरीनं घासून, कोरडं करून ठेवावं. ढवळणी मात्र लोहचुंबकानं तपासून घ्या. काही पेट्यांत तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार असते. ती चिकटली तर बदलून मागा, कारण भांडं आणि ढवळणी एकाच धातूची असतील तरच दोघांचं एकत्र वजन करून जलतुल्यांक काढता येतो. ढवळणीसह ९५ ग्रॅमच्या भांड्याचा जलतुल्यांक ९५ गुणिले ०.०९३ (तांब्याचा विशिष्ट उष्मा), म्हणजे सुमारे ८.८ ग्रॅम येतो. थोडक्यात, हे भांडं तापायला ८.८ ग्रॅम पाण्याइतकीच उष्णता घेतं. गणितात हा आकडा गाळणं ही वह्यांमधली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

नमद्याचं अस्तर ठीक आहे, फक्त पावसाळ्यात ते ओल धरतं. नमदा उष्णता अडवतो तो त्यात कोंडलेल्या हवेमुळे. त्या जागी पाणी शिरलं की रोधन गेलं, कारण पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त आहे. म्हणून पेटी उन्हात वाळवून मगच प्रयोगाला घ्या. थर्माकोलचे पेले वापरून स्वस्तात भागवण्याचा सल्ला परदेशी पुस्तकांत दिसतो, पण आपल्या राज्यात थर्माकोलच्या पेल्यांवर २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा तांब्याचं भांडंच बरं.

आता मुख्य प्रयोग: मिश्रण पद्धतीनं धातूचा विशिष्ट उष्मा. संचातला लोखंडी गोळा १०० ग्रॅमचा आहे. भांड्यात २७ अंशांचं १०० ग्रॅम पाणी घ्या, गोळा ९९ अंशांपर्यंत तापवा आणि पाण्यात सोडा. लोखंडाचा विशिष्ट उष्मा ०.११ धरला तर गोळा दर अंशाला ११ कॅलरी सोडतो आणि पाणी व भांडं मिळून दर अंशाला १०८.८ कॅलरी घेतात. समीकरण सोडवलं की अंतिम तापमान ३३.६ अंश येतं. गोळा ६५ अंशांहून जास्त उतरला आणि पाणी जेमतेम साडेसहा अंश चढलं, तरी देवघेव झालेली उष्णता दोन्हीकडे सारखीच, सुमारे ७२० कॅलरी. उष्णता वेगळी आणि तापमान वेगळं हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसवायला याहून चांगला प्रयोग शाळेत दुसरा नाही, आणि या एका कारणासाठी मी हा संच घ्या म्हणेन.

पण साडेसहा अंशांची वाढ मोजायला संचात काय दिलंय? एकेक अंशाच्या खुणांचा तापमापी. त्यावर डोळ्यानं अर्धा अंश इकडे-तिकडे होतोच. सुरुवातीच्या आणि शेवटच्या अशा दोन्ही वाचनांत तो झाला, तर तेवढ्यानंच उत्तर पंधरा टक्के हलतं. त्यात कुणी घाईघाईत १०० ऐवजी २०० ग्रॅम पाणी ओतलं, तर वाढ ३.६ अंशांवर येते आणि चूक जवळजवळ दुप्पट होते. गोळा पूर्ण बुडेल इतकंच पाणी घ्या, जास्त नको.

दोनपैकी एक तापमापी पाऱ्याचा आहे. तो फुटला की शाळेच्या प्रयोगशाळेत नको ते काम मागे लागतं, म्हणून मुलांच्या हाती देऊ नये. दुसरा लाल अल्कोहोलचा. प्रवासात आडवा पडून त्याचा स्तंभ तुटलेला असतो. वर कुठे तुटका लाल थेंब अडकलाय का, ते दुकानातच उजेडाकडे धरून बघा. तसा असेल तर वाचन अंशच्या अंश खाली येतं आणि ते पटकन लक्षातही येत नाही.

माझा सल्ला: ०.१ अंशापर्यंत वाचणारा डिजिटल तापमापी वेगळा घ्या. लॅमिंग्टन रोडवर पोलादी नळीतला, पाण्यात चालणारा डीएस१८बी२० संवेदक मिळतो. उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे, पण आपल्याला लागतो तो दोन वाचनांतला फरक, आणि एकाच संवेदकानं घेतलेला फरक त्याहून बराच विश्वासू असतो. त्याची एक खोड लक्षात ठेवा: पोलादी नळीमुळे तो सावकाश प्रतिसाद देतो, तेव्हा ढवळत राहा आणि आकडा स्थिरावल्यावरच लिहा. कुठलाही तापमापी असो, वर्षातून एकदा कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्याचं शून्य तपासा आणि जी चूक निघेल ती लेबलावर लिहून त्यालाच चिकटवा.

दुसरा मोठा चोर म्हणजे गोळ्याला चिकटून आलेलं पाणी. संचासोबतच्या पत्रकात गोळा दोऱ्यानं उकळत्या पाण्यात लटकवून थेट कॅलरीमापीत टाका असं लिहिलंय. तसं केलं की गोळ्यावर आणि दोऱ्यात मिळून एक ग्रॅम पाणी सहज येतं. या एका ग्रॅमची उष्माधारकता दर अंशाला एक कॅलरी, गोळ्याची अकरा. म्हणजे उत्तर ०.११ ऐवजी ०.१२, थेट नऊ टक्के जास्त. गोळा बाहेर काढून पुसत बसलात तर तो थंड होतो आणि चूक उलट्या दिशेला जाते. योग्य मार्ग हिप्सोमीटरचा. त्यात गोळा वाफेच्या आवरणात, पण कोरड्या नळीत तापतो. हिप्सोमीटर नसेल तर रुंद परीक्षानळीत गोळा ठेवा, तोंडाला कापसाचा बोळा लावा, नळी उकळत्या पाण्यात गोळ्याच्या वरपर्यंत बुडवून वीस मिनिटं थांबा आणि मग नळी तिरकी करून गोळा घसरवत सोडा. पाणी उडता कामा नये. शेवटी भांडं गोळ्यासकट पुन्हा तोला. वजन अपेक्षेहून जास्त भरलं तर पाणी चिकटून आलं, कमी भरलं तर उडालं. पत्रकात नसलेली ही एक पायरी निम्म्या चुका पकडून देते.

आणि पंखा बंद. मे महिन्यातही बंद. गोळा टाकल्यावर पाच मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्या, आलेख काढा आणि उतरती रेषा मागे वाढवून खरं कमाल तापमान शोधा. न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम इथे आयता शिकवून होतो.

तिसरा मुद्दा खास मुंबईचा, आणि तो बर्फाच्या अप्रकट उष्म्याच्या (एक ग्रॅम बर्फ वितळायला लागणाऱ्या उष्णतेच्या) प्रयोगात नडतो. नेहमीची शिकवण अशी की पाणी खोलीच्या तापमानाच्या पाच अंश वर घ्या आणि बर्फ घालून पाच अंश खाली न्या, म्हणजे बाहेर गेलेली आणि आत आलेली उष्णता फिटंफाट होते. कोरड्या हवेत हे बरोबर आहे. जुलैत मुंबईचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. खोली २९ अंशांवर असताना भांडं २४ पर्यंत नेलं की त्याच्या बाहेरच्या अंगावर दव धरू लागतं. दवाचा प्रत्येक ग्रॅम सुमारे ५८० कॅलरी सोडतो. ०.२ ग्रॅम, म्हणजे नीट दिसणारही नाही इतकं धुकट दव, शंभराहून जास्त कॅलरी भांड्याला देऊन जातं. दहा ग्रॅम बर्फ वितळायला लागतात ८०० कॅलरी. त्यात ही आगंतुक भर पडली की उत्तर ऐंशीच्या बरंच खाली घसरतं.

म्हणून पावसाळ्यात पाणी ३६ अंशांपासून सुरू करा आणि २७ वर थांबा. १०० ग्रॅम पाण्याला त्यासाठी साधारण ९ ग्रॅम बर्फ लागतो. सुरुवातीला बाहेर जाणारी उष्णता यात पूर्ण भरून निघत नाही, पण शीतलीकरणाच्या आलेखावरून ती दुरुस्ती काढता येते. दवाची काढता येत नाही. बर्फ कोरडा हवा: खडे टिपकागदात दाबून, चिमट्यानं सोडायचे, हातानं नाही. दहा ग्रॅम बर्फात एक ग्रॅम आधीच वितळलेलं पाणी असेल, तर ८० ऐवजी ७२ कॅलरीच हाती लागतात. बर्फ किती घातला हे आधी तोलू नका, शेवटी भांड्याचं वजन किती वाढलं त्यावरून काढा.

तापक कुंडली ६ ओहमची आहे, १२ व्होल्टवर २४ वॅट देते. पाच मिनिटांत ७२०० ज्यूल, म्हणजे याच भांड्यात तेवढ्याच पाण्याचं तापमान सुमारे १५.८ अंश वाढायला हवं. विद्युत ऊर्जा देऊन उष्णता मिळवणं आणि ज्यूलचा ४.१८६ हा आकडा (एका कॅलरीचे किती ज्यूल) स्वतः काढणं यात ऊष्मागतिकीचा पहिला नियम हातात येतो, आणि कुंडलीचं काम चोख आहे. घोळ होतो कुंडलीला वीज पुरवणाऱ्या बॅटरी एलिमिनेटरचा. १२ वर काटा ठेवला तरी भार पडल्यावर साधा एलिमिनेटर साडेदहा व्होल्टपर्यंत उतरतो. शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यानं २४ वॅटचे १८ वॅट होतात आणि मुलांना वाटतं चौथा हिस्सा उष्णता हवेत गेली. व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही कुंडली चालू असतानाच मोजा. कुंडली पाण्याबाहेर असताना चालू करू नका, जळते.

तापवलेले गोळे मेण वितळवत किती खोल जातात हे बघायचा मेणाच्या ट्रेचा प्रयोग छान दिसतो, पण गोळ्यांमध्ये एक गडबड आहे. पुस्तकाला हवेत समान वस्तुमानाचे गोळे, आणि काही पेट्यांत येतात समान आकाराचे. फरक मोठा पडतो. समान वस्तुमानात ॲल्युमिनियम सगळ्यात जास्त उष्णता देतं, मग लोखंड, तांबं आणि शेवटी शिसं. समान आकारात मात्र लोखंड पहिलं, तांबं त्याच्या अगदी जवळ, आणि ॲल्युमिनियम तिसऱ्या क्रमांकावर जातं, कारण ते हलकं आहे. विकत घेतानाच चारही गोळे काट्यावर ठेवून पाहा. शिशाचा गोळा हाताळल्यावर मुलांना साबणानं हात धुवायला लावा.

गोळा आणि कडं: पितळेचा २५ मिलिमीटरचा गोळा २०० अंशांनी तापला तरी व्यास वाढतो फक्त ०.०९५ मिलिमीटर. कड्यात त्याहून जास्त फट असेल तर तापलेला गोळाही खुशाल आरपार जातो आणि प्रयोग फसतो. थंड गोळा कड्यातून घासत गेला पाहिजे.

होपचं उपकरण या संचातला सगळ्यात कच्चा भाग आहे. १८०५ साली होपनं ज्या युक्तीनं ४ अंशांवर पाण्याची घनता कमाल असते हे दाखवलं ती फार सुंदर आहे, पण इथे मधल्या पन्हाळीचा सांधा ठिबकतो आणि तापमापीच्या बुचांतून पाणी येतं. एम-सील लावून सांधा बुजवता येतो. शिवाय नळाच्या २७ अंशांच्या पाण्यानं सुरू केलं तर तास गेला तरी खालचा तापमापी चारवर येत नाही. फ्रिजमधलं १० अंशांचं पाणी घ्या, पन्हाळीत वजनानं तीन भाग बर्फ आणि एक भाग मीठ भरा, आणि नळीभोवती कापूस गुंडाळा, नाहीतर बाजूनं शिरणाऱ्या उष्णतेमुळे खालचं वाचन पाच-सहावरच अडतं.

खरेदी करताना कॅलरीमापी, गोळे आणि कुंडली एवढंच सुटं मिळतं का ते आधी विचारा. वाचलेल्या पैशांत हिप्सोमीटर आणि डिजिटल तापमापी बसवा. बिलावर ढवळणीचा धातू आणि प्रत्येक गोळ्याचं वस्तुमान लिहून घ्या, म्हणजे पेटीत दुसराच माल निघाला तर बदलून मागताना वाद होत नाही.