ग्रँडमास्टरचा खेळ इंजिनने जोखायचा, तर कोणतं माप लावावं?

दोन ग्रँडमास्टरांपैकी सरस कोण, हे इंजिनकडून, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामकडून, ठरवायचं असेल तर बहुतेकजण सरासरी सेंटिपॉन लॉस काढतात. इंजिनची सर्वोत्तम चाल आणि पटावर खेळली गेलेली चाल, यांच्या मूल्यांकनातला फरक प्याद्याच्या शंभराव्या भागात मोजायचा आणि त्याची सरासरी घ्यायची. आकडा लहान, तर खेळ अचूक. मला हे एकटं माप अन्यायकारक वाटतं. वजीर लवकर मारले गेले, डाव शांतपणे बरोबरीत सुटला, की आकडा आपोआप लहान येतो. उलट +8 ची स्थिती (म्हणजे आठ प्याद्यांइतकी आघाडी) +6 वर आली तर दोन प्यादी गमावल्याची नोंद होते, जिंकणं मात्र तितकंच निश्चित असतं.

मातेज गुइड आणि इव्हान ब्रात्को या संगणक-संशोधकांनी 2006 मध्ये क्राफ्टी इंजिन वापरून विश्वविजेतेपदाचे सामने तपासले, तेव्हा ही अडचण त्यांनी ओळखली होती. सुरुवातीच्या चाली वगळल्या, एकतर्फी झालेल्या स्थिती वगळल्या, स्थितीची गुंतागुंतही मोजली. सर्वात कमी चुका क्यूबाचा विश्वविजेता कापाब्लांका याच्या निघाल्या. क्राफ्टी स्वतःच विश्वविजेत्यांपेक्षा कमकुवत, हा आक्षेप लगेच आला आणि तो रास्त होता. पण पुढे ताकदवान इंजिन लावूनही कापाब्लांका वरच राहिला. तो मुळात साध्या, स्वच्छ स्थितींकडे डाव नेत असे, हे विसरून त्या निकालाकडे पाहू नये.

इंजिनच्या पहिल्या पसंतीशी किती टक्के चाली जुळल्या, हे दुसरं माप. दोन चाली जवळपास सारख्याच चांगल्या असल्या तरी एकच ‘बरोबर’ धरली जाते, आणि एकच चाल शक्य असलेली सक्तीची मारामारी फुकटचे गुण देते. तुलनेसाठी हे माप मी घेणार नाही.

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळाची अचूकता टक्केवारी मूल्यांकनाचं रूपांतर जिंकण्याच्या शक्यतेत करते. त्यामुळे +8 वरून +6 ची घसरण बरीच कमी मोजली जाते, बरोबरीच्या स्थितीतली घोडचूक मात्र भरपूर महाग पडते. मोजके डाव तपासायचे असतील तर हेच घ्या. संगणकशास्त्रज्ञ केनेथ रीगन यांची पद्धत आणखी पुढे जाते: उपलब्ध सगळ्या चालींची मूल्यं पाहून, अमुक रेटिंगचा (ताकद दाखवणाऱ्या गुणांकाचा) खेळाडू काय खेळेल याचा अंदाज बांधते. म्हणजे प्रश्न किती अवघड होता, तेही हिशेबात येतं. गंभीर तुलनेला माझी पसंती तिलाच.

तरीही मिखाइल ताल हा धाडसी बलिदानं करणारा विश्वविजेता कुठल्याच तक्त्यात पूर्ण मावत नाही. 1960 च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातल्या सहाव्या डावात त्याने तेव्हाचा विश्वविजेता बोत्विनिक याच्याविरुद्ध घोडा दिला. नंतरच्या विश्लेषणात त्या बलिदानात खोट सापडली. पटावर, घड्याळ चालू असताना, बोत्विनिकला ती सापडली नाही आणि ताल जिंकला. म्हणून एखाद्या चालीचा आकडा वाईट दिसला, तर प्रतिस्पर्ध्याला अचूक उत्तर शोधणं किती कठीण होतं, हे स्वतः पटावर मांडून पाहा.

माप कोणतंही घ्या, दोन्ही खेळाडूंसाठी इंजिन आणि डेप्थ (इंजिन किती चाली पुढचं पाहतं ते) एकच ठेवा, घरून पाठ करून आणलेल्या चाली गाळा, आणि एका डावावरून निकाल देऊ नका.