नवी लस: पहिल्या फेरीत घ्यावी की थोडं थांबावं?

समजा, साथ चालू आहे, लस नुकतीच आली आहे आणि नेतेमंडळी तिच्यावरून एकमेकांवर तुटून पडली आहेत. घरात मात्र एवढाच प्रश्न असतो, घ्यायची की थांबायचं?

आधी थांबणाऱ्यांची बाजू घेतो, कारण तिची उगाच हेटाळणी होते. १९७६ साली अमेरिकेत फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर स्वाइन फ्लूनं एक सैनिक दगावला. निवडणुकीचं वर्ष. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी अख्ख्या देशाला लस टोचायचं जाहीर केलं आणि सुमारे साडेचार कोटी लोकांनी ती घेतली. साथ काही आली नाही. उलट लस घेतलेल्यांत गियाँ-बारे, म्हणजे हातापायांतली ताकद जाण्याचा आजार, लाखात साधारण एकाला जास्त झालेला दिसला आणि डिसेंबरात मोहीम बंद पडली. त्या वर्षी जे थांबले त्यांचं काहीच बिघडलं नाही.

लाखात एकाला होणारा त्रास चाचणीत सापडणं अवघड असतं. अॅस्ट्राझेनेकाच्या लसीनं क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या ध्यानात आल्या त्या मार्च २०२१ मध्ये, लाखो लोकांनी लस घेतल्यावर.

आता दुसरी बाजू. २०२० मध्ये फायझरच्या चाचणीत ४३ हजारांवर लोक होते, निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. पुढे १७० जणांना कोविड झाला. त्यातले १६२ मिठाच्या पाण्याच्या गटातले, लस घेतलेले ८. ऐन साथीत थांबणारा माणूस त्या १६२ जणांच्या गटात बसलेला असतो. १९७६ला साथ आलीच नव्हती, २०२०ला ती दारात उभी होती. माझ्या मते निर्णयाचं पारडं इथंच फिरतं.

राजकारणाचं काय? स्पुटनिक व्हीला मंजुरी मिळाल्याचं पुतिन यांनी ११ ऑगस्ट २०२० रोजी जाहीर केलं, तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे, म्हणजे हजारो लोकांवरच्या शेवटच्या मोठ्या चाचणीचे, निकाल हाती नव्हते. कोव्हॅक्सिनलाही ३ जानेवारी २०२१ला तशीच, निकालाआधी परवानगी मिळाली. आजार टाळण्याचे दोन्हींचे आकडे पुढे चांगले आले, अनुक्रमे ९१.६ आणि ७७.८ टक्के. पण आधी शिक्का आणि मग आकडे, असं झालं की शंका चिकटून राहते. खुद्द रशियात कितीतरी लोक दंड पुढे करायला तयार नव्हते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण घाई सरकारनं केली आणि किंमत म्हाताऱ्या माणसांनी मोजली. याउलट फायझरच्या लसीवरची अमेरिकेतल्या तज्ज्ञांची बैठक १० डिसेंबर २०२०ला कुणालाही थेट पाहता येत होती.

म्हणून घोषणा कुणी केली ते बाजूला ठेवा आणि तिसऱ्या टप्प्याचे आकडे उघड आहेत का ते पाहा. आकडे उघड असतील, आजार आसपास असेल आणि वय साठीपुढे किंवा मधुमेह असेल, तर मी थांबू देणार नाही. तरुण, धडधाकट माणूस, आसपास आजार तुरळक, तर काही आठवडे वाट पाहण्यात वेडेपणा नाही. एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटननंही तिशीखालच्यांना अॅस्ट्राझेनेकाऐवजी दुसरी लस सुचवली, वयस्करांसाठी तीच चालू ठेवली. पूर्वी इंजेक्शननं जोराची अॅलर्जी झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

थांबायचंच असेल तर कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते आजच कागदावर लिहून ठेवा.