सागवानी टेबल, बाक आणि उघडी शेल्फं: दहा महिने वापरून झाल्यावर

हॉल आणि अभ्यासाची खोली नव्याने करून घेतली त्याला आता दहा महिने झाले, म्हणजे उन्हाळा पावसाळा थंडी सगळं या लाकडाने बघून झालंय, म्हणून आत्ता लिहायला बसलेय. काम संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

काय केलं ते आधी सांगते. जुनी चकचकीत लॅमिनेटची कपाटं काढली, फॉल्स सीलिंग काढलं, भिंतींना ऑफ-व्हाइट मॅट रंग दिला आणि लाकूड फक्त रोज हात लागतो तिथेच ठेवलं: मोठं टेबल, खिडकीखालचा बाक, शेल्फं, हँडलं. सगळं साग. कपाटं मात्र प्लायचीच, वर सागाचा व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. सगळं भरीव लाकडातच पाहिजे असा हट्ट धरू नका, कपाटाच्या रुंद दाराला भरीव फळी वाकायची भीती असते, प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात त्यामुळे तो सरळ राहतो. व्हिनियर म्हणजे काही फसवणूक नाही.

टेबल 90 सेंमी रुंद आहे, चार फळ्या जोडून केलंय. वरचा भाग खालच्या चौकटीला बसवताना सुतारकाकांनी स्क्रूची भोकं लांबट पाडली, मी विचारलं असं ढिलं का ठेवताय, तर म्हणाले "ताई, घट्ट आवळलं की पावसाळ्यानंतर मधून चीर जाईल, त्याला सरकायला जागा पाहिजे." मला तेव्हा पूर्ण पटलं नव्हतं म्हणून मी पट्टीने मोजत राहिले. उन्हाळ्यात नेमकं 90 सेंमी, ऐन पावसाळ्यात 4 मिमी जास्त, थंडीत परत जवळपास मूळ मापावर. लांबीत मात्र काही फरक नाही, कारण लाकूड फुगतं ते त्याच्या रेषांना (तंतूंना) आडवं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. टेबलाला आजपर्यंत एकही चीर नाही.

पण हीच गोष्ट ड्रॉवरच्या बाबतीत मी ऐकली नाही. बाकाखाली दोन ड्रॉवर आहेत, मला समोरून सलग फळी दिसायला हवी होती, फट अजिबात नको. काका म्हणत होते 3 मिमी सोडू, मी 1 मिमीवर अडून बसले. पावसाळ्यात दोन्ही असे अडकले की ओढताना एका ड्रॉवरची मूठच निघून हातात आली, मग दीड महिना बंदच. काकांनी तेव्हा रंधा मारू दिला नाही, म्हणाले आत्ता तासलं तर थंडीत फट फार मोठी होईल, आधी वाळू दे. थंडीत तासून घेतलं, आणि तासलेल्या कडांनाही तेल लावलं, कारण फिनिश (तेल किंवा पॉलिशचा थर) नसलेली कड दमट हवा पटकन ओढून घेते. तेच फळीच्या खालच्या बाजूचं, एकाच बाजूला फिनिश दिलं की फळी वाकू शकते, त्यामुळे काम चालू असताना टेबलाखाली वाकून बघा.

फिनिशबद्दल मी खूप विचार केला होता. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, टणक असतं, पाणी चांगलं अडवतं, पण खोल ओरखडा पडला तर नुसता तेवढाच भाग दुरुस्त करून मिसळत नाही, बहुतेक वेळा सगळा पृष्ठभाग परत करावा लागतो. मी हार्डवॅक्स ऑइल (मेण मिसळलेलं, लाकडात मुरणारं तेल) घेतलं, आणि या निर्णयावर मी खरंच खूश आहे. डाग पडला की 240 नंबरचा पॉलिश पेपर हाताने रेषांच्या दिशेने फिरवायचा, धूळ पुसायची, तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, आणि थोड्या वेळाने वरचं जास्तीचं तेल पूर्ण पुसून काढायचं, नाहीतर ते तिथेच चिकट होऊन बसतं. अर्ध्या तासाचं काम.

एक डाग मात्र असा नाही गेला. कुंडीचा लोखंडी स्टँड ओला असताना रात्रभर बाकावर राहिला आणि सकाळी काळंकुट्ट कडं. लाकडातलं टॅनिन (एक नैसर्गिक तुरट द्रव्य), लोखंड आणि पाणी एकत्र आलं की असं होतं, घासून जात नाही कारण काळेपणा आत मुरलेला असतो. हातमोजे आणि मास्क घालून ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने तो भाग दोनदा पुसला, मग साध्या पाण्याने भरपूर धुतला, वाळवला, परत तेल. जागा आधी फिकट दिसायची, दोन महिन्यांत उजेडाने रंग बराच जुळला.

एक धोक्याचं सांगते. जवसाच्या तेलासारख्या वाळणाऱ्या तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतं. उघड्यावर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

साध्या डिझाइनचं एक काम मला आधी कळलं नव्हतं. बीडिंग, मोल्डिंग या कडेला लावायच्या पट्ट्या भिंत आणि लाकूड यांच्यामधली फट झाकतात, त्या काढल्या की सगळं उघडं पडतं. आमची एक भिंत ओळंब्यात नव्हती, वर आणि खाली मिळून 8 मिमीचा फरक, त्यामुळे काकांनी शेल्फची उभी फळी भिंतीला टेकवून पेन्सिलने भिंतीचीच रेघ त्यावर उतरवली आणि तशी तासली. त्या एका फळीला अख्खी दुपार गेली, पण आज तिथे कागद सरकत नाही, मी करून बघितलंय.

दिव्यांचं पण बघा, आधीची 6500 केची (केल्विन, म्हणजे पांढऱ्या-निळसर उजेडाची) ट्यूब होती तेव्हा साग राखाडी दिसायचा, 3000 केचे पिवळसर दिवे लावले आणि रंग खुलला.

आता राहिलंय शेल्फ. 120 सेंमीचं शेल्फ मधल्या आधाराशिवाय केलं, वर पुस्तकं, मध्ये 5 मिमी झुकलंय. खालून पुढच्या कडेला उभी पट्टी लावून घेणार आहे, पुस्तकांसाठी करत असाल तर 80 सेंमीच्या पुढे मध्ये आधार घ्याच.