ती गप्प होती, म्हणजे तयार होती का? पोलीस ठाणं, समिती आणि कायद्यातली संमती

आईनं कापडी पिशवीतून पंजाबी ड्रेस काढून माझ्या टेबलावर ठेवला. धुतलेला, इस्त्री केलेला, नीट घडी घातलेला. "तसाच कसा आणायचा मॅडम तुमच्याकडं, म्हणून धुऊन आणला." शेजारी बसलेली सव्वीस वर्षांची लेक त्या घडीकडं बघत होती. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर ती हिशेब लिहायची. संध्याकाळी सौदे संपल्यावर तिथल्या दिवाणजीनं पोती मोजायच्या निमित्तानं तिला गोदामात बोलावलं आणि दार ओढून घेतलं. तिचं माझ्याशी पहिलं वाक्य होतं, "मी ओरडले नाही." आणि दुसरं, "मग केस होते का?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सांगलीतल्या विजयनगरच्या न्यायालयात वकिली करताना हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे. त्या घरात तीन मतं होती. मामा म्हणत होते, पोलीस नकोत, कामाच्या ठिकाणच्या समितीकडं तक्रार करू. मावशीचं म्हणणं, त्यानं नोकरीत कायम करतो असं सांगितलं होतं, म्हणजे ही फसवणूक झाली, तसाच गुन्हा नोंदवू. आईला सरळ पोलीस ठाण्यात जायचं होतं. तिन्ही वाटा कायद्यात खरोखर आहेत. पण प्रत्येक वाट संमतीबद्दल वेगळा प्रश्न विचारते, आणि वाट निवडायची ती तो प्रश्न ओळखून.

आधी ओरडण्याबद्दल. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केल्याचं न्यायालयाला पटलं नाही, म्हणजे ती राजी होती असा अर्थ काढला गेला. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही संमती म्हणजे नेमकं काय, हे बलात्काराच्या कलमात लिहायला २०१३ उजाडलं.

जुन्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तीच व्याख्या आहे. संमती म्हणजे निःसंदिग्ध आणि स्वेच्छेनं दिलेला होकार. तो शब्दांनी, खुणेनं, कसाही दिलेला चालेल, पण त्या विशिष्ट कृतीसाठी तयारी असल्याचं स्त्रीनं कळवलेलं असलं पाहिजे. चहाला येणं, गाडीवर मागं बसणं, व्हॉट्सॲपवर हसरे चेहरे पाठवणं हा त्या कृतीला दिलेला होकार होत नाही. काल दिलेला होकार आज लागू होत नाही. आणि त्याच स्पष्टीकरणात पुढं म्हटलं आहे की स्त्रीनं अंगानं प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. हे वाक्य मी त्या मुलीला दोनदा वाचून दाखवलं. भीतीनं माणूस जागच्या जागी थिजतो, हे आपण घरात सगळेच जाणतो. आता ते कायद्यालाही मान्य आहे.

कलम ६३ मध्ये आणखी काही प्रसंग दिले आहेत. तिला किंवा तिच्या जवळच्या माणसाला जिवाची अथवा दुखापतीची भीती घालून मिळवलेला होकार, नशेत असताना, मनाचा तोल ढळलेला असताना किंवा संमती कळवताच येत नसताना झालेली कृती, हे सगळं बलात्कारच. शिक्षा किमान १० वर्षं, कमाल जन्मठेप. इथं ज्याच्या हातात तिची नोकरी आणि पगार त्या माणसानं हे केलेलं होतं. स्त्रीवर वर्चस्व असलेल्यानं केलेला बलात्कार कलम ६४ च्या दुसऱ्या पोटकलमात येतो, आणि मग भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, म्हणजे पुराव्याच्या कायद्याचं, कलम १२० मदतीला येतं. संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि तिनं न्यायालयात "माझी संमती नव्हती" असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालय गृहीत धरतं. उलटं सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर जातं. देसाईगंजच्या त्या मुलीच्या वेळी हे कलम नव्हतं. तिच्यामुळं ते आलं.

आता मावशीची वाट, म्हणजे कलम ६९. खोटं लग्नाचं वचन, नोकरी किंवा बढतीचं आमिष, ओळख लपवून केलेलं लग्न, अशा फसवणुकीनं ठेवलेल्या संबंधांसाठी हे नवं कलम आहे. शिक्षा १० वर्षांपर्यंत आणि दंड. पण कलमातच म्हटलं आहे की जे बलात्कार ठरत नाही, त्यासाठी हे. म्हणजे या वाटेनं जाताना कागदावर असं येतं की होकार होता, पण तो फसवून काढून घेतला. जिथं तसंच घडलं असेल तिथं हे कलम योग्यच आहे. लग्नाच्या वचनाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये प्रमोद पवार खटल्यात फरक सांगितला आहे: वचन देतानाच पाळायचा इरादा नव्हता तर ती फसवणूक, इरादा होता पण पुढं लग्न मोडलं तर नुसता वचनभंग. हा इरादा सिद्ध करणं जड जातं. पाहुण्यांशी झालेलं बोलणं, आधीच झालेलं दुसरं लग्न, संदेशांच्या तारखा, असं काही हातात असावं लागतं.

गोदामातल्या त्या मुलीनं होकार दिलेलाच नव्हता. कायम करायचं आमिष त्यानं दाखवलं होतं, हे तिनं जबाबात जरूर सांगावं, पण प्रकरण ६९ मध्ये बसवायला मी विरोध केला. नको असलेल्या गोष्टीला "फसून दिलेला होकार" म्हणायचं, हे तिच्या सत्याला धरून नव्हतं. शिवाय उलटतपासणीत पहिला घाव तिथंच बसला असता.

मामांची वाट आहे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. इथं संमतीची व्याख्याच नाही. प्रश्न एवढाच असतो: ते वागणं तिला नकोसं होतं का? फौजदारी खटल्यात संशयापलीकडं सिद्ध करावं लागतं, तशी कसोटी इथं लागत नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. ती चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. मात्र शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते, समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथं अंतर्गत समिती नसते. पेढ्या, दुकानं, द्राक्षाचं पॅकिंग, घरकाम, हे सगळं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जातं. मार्केट यार्डात काम करणाऱ्या किती जणींना अशी समिती असल्याचं माहीत आहे, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

अश्लील बोलणं, नको तिथं हात लावणं, रात्री-अपरात्री संदेश, आणि नोकरी टिकवून हे थांबायला हवं असेल, तर मी समितीची वाट आधी सुचवते. बलात्कार झाला असेल तर समिती पुरेशी नाही. ती माणसाला कामावरून काढायची शिफारस करू शकते, तुरुंगात पाठवू शकत नाही. दोन्हीकडं एकाच वेळी जाता येतं, आणि फौजदारी तक्रार द्यायला बाईला मदत करणं हे मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे.

मुलगी अठराच्या आतली असेल तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा. २०१२ च्या पोक्सो कायद्यात तिच्या होकाराला किंमत नाही, मग ती सतरा वर्षांची असो आणि मुलगा एकोणीसचा. ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचंच आहे, मिरजेतल्या डॉक्टरांनीसुद्धा. नवऱ्याच्या बाबतीत मात्र कलम ६३ मधला अपवाद अजून कायम आहे. पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर बलात्काराचं कलम लागत नाही. वेगळी राहत असेल तर कलम ६७, एरवी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, ज्यात लैंगिक छळ स्पष्ट शब्दांत आहे. हा अपवाद जायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आणि घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर कलमं जुन्या दंड संहितेची लागतील.

वेळेबद्दल थोडं. बलात्काराची फिर्याद उशिरा दिली म्हणून बाद होत नाही, पण पुरावा रोज कमी होतो. फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. फिर्याद नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली शिक्षा आहे. वैद्यकीय तपासणी माहिती मिळाल्यापासून २४ तासांत, तीही तिच्या संमतीनंच. उपचार सरकारी काय आणि खासगी काय, कुठल्याही दवाखान्यात मोफत. दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयानं बंद केली आहे, आणि तिचा पूर्वीचा लैंगिक अनुभव संमती ठरवताना विचारात घेता येत नाही. वकील परवडत नाही ही अडचण मानू नका: विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००. अंगावरचे कपडे धुऊ नका, वाळवून कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको. धुतले असले तरी केस संपत नाही. तिची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलं आहे.

भावकीतली मंडळी मिटवायला येतील. कायद्यानं हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, आणि आरोपीशी लग्न लावून द्यायचा सल्ला न्यायालयांनीही देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये बजावलं आहे. त्या मंडळींना एवढंच सांगा.

तिसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. जबाब टाइप करून झाल्यावर तो वाचून दाखवला गेला, तेव्हा त्यात एक ओळ होती: "मी जोराचा विरोध केला व आरडाओरडा केला." केस भक्कम व्हावी म्हणून कुणीतरी भल्या हेतूनं घातलेली. मुलीनं मान हलवली. "असं झालं नाही, मॅडम." मी म्हटलं, मग झालं तेच सांग. महिला अधिकाऱ्यांनी ती ओळ काढली आणि तिच्या तोंडची लिहिली: "मी घाबरून गप्प राहिले. मी हो म्हटले नव्हते." तिनं ती बोट ठेवून वाचली आणि खाली सही केली.