मोटरहोमच्या जोडचाकांना हवा: एक्स्टेंडर, अखंड धातूचा व्हॉल्व्ह की नुसता दुतोंडी चक?

मोटरहोम म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी. तिच्या मागच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना जोडीजोडीने चाकं असतात. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या दिशेला तोंड करून असतो, पण तो बाहेरच्या चाकाच्या डिस्कमागे, म्हणजे मधल्या तबकडीमागे, लपतो. बाहेरचं चाक उलटं बसवलेलं असतं, म्हणजे त्याची खोलगट बाजू बाहेर येते आणि व्हॉल्व्हचं तोंड गाडीच्या दिशेला जातं. एक व्हॉल्व्ह दूर आणि दुसरा पाठमोरा, म्हणून डिस्कच्या भोकातून हात घालून दोन्हीपर्यंत पोचावं लागतं. त्यावर चमकदार स्टीलचं व्हील कव्हर असेल तर भोक आणखी लहान होतं. हवा तपासणं इतकं जिकिरीचं झालं की माणूस ते टाळू लागतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

जोडीतला एक टायर मऊ पडला तरी गाडी एका बाजूला झुकत नाही. शेजारचा टायर मुकाट्याने जास्तीचं ओझं उचलतो. फोर्ड ई-450 चासीवरच्या बऱ्याच गाड्यांना एलटी 225/75 आर 16, लोड रेंज ई (ओझं पेलण्याच्या क्षमतेचा दर्जा) हा टायर असतो. 80 पीएसआयला (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंडात मोजलेला दाब) तो एकटा 1215 किलो पेलतो, जोडीत मात्र त्याची मर्यादा 1120 किलो धरतात. म्हणजे जोडी मिळून 2240. आतल्याने अंग काढून घेतलं की बाहेरचा आपल्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो आणि तापतो. बाहेरून पाहून हे कळत नाही. टायरवर दांडक्याने ठोकून आवाज ऐकायची पद्धत पूर्ण बसलेला टायर ओळखायला ठीक आहे. 80 चे 62 झालेत हे त्या आवाजातून समजत नाही. ट्रकसारख्या व्यापारी गाड्यांच्या टायरांच्या बाबतीत नियम असा आहे की ठरलेल्या दाबाच्या 80 टक्के किंवा त्याहून कमी दाबावर धावलेला टायर ‘फ्लॅट धावलेला’ समजायचा, आणि रिमवरून उतरवून आतून तपासल्याशिवाय त्यात पुन्हा हवा भरायची नाही. 80 पीएसआयच्या टायरला ही रेषा 64 वर येते.

तेव्हा व्हॉल्व्हपर्यंत सहज पोचता येणं ही सोय नाही, गरज आहे. बाजारातला कुठलाही पर्याय हातात घेतलात तर मी दोन प्रश्न विचारायला सांगेन. हवा नेमकी कोणत्या जागी अडवलेली आहे? आणि चाक फिरताना या वस्तूचं वजन कोण पेलतंय? पुढची सगळी तुलना मी याच दोन प्रश्नांवर केली आहे.

लवचिक नळीचे एक्स्टेंडर

एक्स्टेंडर म्हणजे मूळ व्हॉल्व्हवर लावून त्याचं तोंड बाहेर आणणारी जादा नळी. सगळ्यात जास्त खपतात ते हेच. रबरी नळी, वरून स्टीलच्या तारांची जाळी, एका टोकाला मूळ व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचा नट, दुसऱ्या टोकाला बाहेरच्या चाकावर पकडणारी पट्टी. चाक काढावं लागत नाही, काम लवकर उरकतं. म्हणूनच मोह पडतो.

आता पहिला प्रश्न. नटाच्या आत एक छोटी दांडी असते. ती मूळ व्हॉल्व्हची पिन, म्हणजे हवा अडवून धरणारी आतली झडप, कायम दाबून ठेवते, नाहीतर हवा नळीत येणारच नाही. त्यामुळे एक्स्टेंडर बसवल्या क्षणापासून टायरची हवा मूळ पिन अडवत नाही. ती अडते नटाखालच्या रबरी वॉशरवर, नळीच्या दोन्ही टोकांच्या दाबून बसवलेल्या जोडांवर, खुद्द नळीच्या रबरावर आणि शेवटच्या टोकातल्या नव्या पिनवर. एका जागेच्या चार-पाच जागा झाल्या. यातलं एक बारीक वैगुण्य फार जणांच्या लक्षात येत नाही. एक्स्टेंडर आटे सुटून संपूर्ण गळून पडला, तर मूळ पिन झटकन बंद होते आणि हवा वाचते. पण नळी मधेच कापली गेली आणि नट जागेवर राहिला, तर ती दांडी पिन दाबूनच ठेवते आणि टायर पूर्ण रिकामा होतो. नळी कापली जाण्याची जागाही ठरलेली आहे: डिस्कच्या किंवा कव्हरच्या भोकाची धार. नळी तिथे सैल राहिली की रोज थोडी थोडी घासत जाते. आधी जाळीची एखादी तार सुटून उभी राहते, मग काळं रबर दिसू लागतं. असं दिसलं की ती नळी त्याच दिवशी काढून टाकावी.

दुसरा प्रश्न वजनाचा. वर सांगितलेल्या मापाचं चाक ताशी 100 किलोमीटरला सेकंदाला साधारण 12 फेऱ्या मारतं. मध्यापासून 15 सेंटिमीटरवर असलेल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या अंदाजे 90 पट ओढ बसते. 40 ग्रॅमची नळी आणि नट मिळून साडेतीन किलोहून जास्त ओढतात, तेही तासन् तास. नळीचं बाहेरचं टोक पट्टीने पकडलेलं असतं, पण आतलं टोक मूळ व्हॉल्व्हवर लटकतं. तो व्हॉल्व्ह रबरी असेल तर प्रत्येक प्रवासात तो बाहेरच्या बाजूला वाकतो, गाडी थांबली की सरळ होतो. काही काळाने त्याच्या बुंध्याशी, रिमला चिकटून, गोल चीर पडते. अंगठ्याने व्हॉल्व्ह एका बाजूला वाकवून बुंध्याकडे बॅटरीचा उजेड टाकला की चीर दिसते. सरळ उभ्या व्हॉल्व्हवर ती मिटलेली असते.

रबरी व्हॉल्व्हबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. साध्या कारला असणारा टीआर 413 जातीचा रबरी व्हॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी आहे. 80 पीएसआयच्या चाकात तो चालत नाही. तिथे जास्त दाबाचा रबरी किंवा सरळ धातूचा लागतो. टायर बदलताना दुकानात चुकून साधा बसवला गेलेला असू शकतो, तेव्हा एक्स्टेंडरचा विचार करण्याआधी हे पाहून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे: रबरी व्हॉल्व्हवर लवचिक नळी लावू नये. मूळ व्हॉल्व्ह धातूचा असेल, पट्टी बाहेरच्या चाकावर घट्ट बसत असेल आणि नळी कुठेही धारेला टेकत नसेल, तर तात्पुरती सोय म्हणून चालेल.

ताठ एक्स्टेंडर

पितळेच्या किंवा स्टीलच्या ताठ नळीत जोड कमी असतात आणि घासून कापली जायची भीती जवळजवळ नसते. पिन दाबून ठेवणारी दांडी मात्र यातही आहे. खरी अडचण लांबीची. आधार नसलेली ताठ नळी थरथरत राहते आणि तिचा सगळा झटका व्हॉल्व्हच्या बुंध्याला बसतो. म्हणून डिस्कच्या भोकात बसणारा रबरी आधार हवाच. आतल्या चाकाला, धातूच्या व्हॉल्व्हवर आणि आधारासह ताठ नळी लवचिकपेक्षा मला बरी वाटते. बाहेरच्या चाकाला तिचा उपयोग नाही, कारण तिथे हवेची वाटच उलटी वळवावी लागते.

बसवताना पान्याने आवळू नका. वॉशर दाबला गेला की पुरे. रबरी व्हॉल्व्हवर जास्त जोर लावला तर नट फिरायच्या ऐवजी व्हॉल्व्हच रिममध्ये पिळला जातो. नंतर साबणाचं पाणी लावून थोडा वेळ थांबा. मोठी गळती लगेच फेसाळते. बारीक गळतीचे मोहरीएवढे बुडबुडे जोडाच्या कडेला हळूहळू जमतात, घाईने पाहिलं तर ते चुकतात.

अखंड लांब धातूचा व्हॉल्व्ह

इथे एक्स्टेंडर नसतोच. जुना व्हॉल्व्ह काढून रिमच्या भोकात नवा, पुरेसा लांब आणि हव्या त्या कोनात वाकवलेला धातूचा व्हॉल्व्ह नटाने आवळतात. आतल्या चाकाचा लांब आणि जवळपास सरळ असतो, बाहेरच्याचा उलट वळून भोकातून बाहेर येतो. दोघांची टोकं बाहेर, समोर, गेज सहज लागेल अशी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे सगळ्यात सरळ आहे. पिन एकच, तीही बाहेरच्या टोकाला, आणि रिमपाशी रबरी सीलचा एक जोड. कुठली पिन कायम दाबलेली नाही. वजन पेलतो रिमला आवळलेला धातू. लांब व्हॉल्व्हला भोकात रबरी आधारही देता येतो. टायरवर दाब दाखवणारे सेन्सर कॅपच्या जागी लावायचे असतील तर त्यांचं वजन झेलायलाही हाच योग्य. रबरी व्हॉल्व्ह, त्यावर नळी आणि नळीच्या टोकाला सेन्सर ही रास रचणं मला अजिबात मान्य नाही. जो सेन्सर गळती सांगण्यासाठी लावला, त्याच्याच वजनाने गळती सुरू होते.

त्रास आहे तो बसवण्याचा. मागची चारही चाकं उतरवावी लागतात, टायरची कड रिमवरून सोडवावी लागते, आणि काम करणाऱ्याला कोणता व्हॉल्व्ह आतल्याला नि कोणता बाहेरच्याला हे नीट समजलेलं असावं लागतं. रिमचं भोकही मोजून घ्यावं लागतं: साधारणपणे ते 11.5 किंवा 15.7 मिलिमीटरचं असतं, आणि एकाचा व्हॉल्व्ह दुसऱ्यात बसत नाही. चाकं परत चढवताना दोन्ही डिस्कची भोकं समोरासमोर यावी लागतात आणि दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना ठेवतात, म्हणजे वजनही वाटलं जातं आणि टोकं एकमेकांत अडकत नाहीत. टायर नवे घ्यायचेच असतील तर त्याच वेळी हे करून घ्यावं. चाकं उतरतातच, वेगळी मजुरी पडत नाही.

सेन्सर पितळी आट्यांचे असतील आणि व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा, तर ओल्या, खारट रस्त्यांवर दोन धातू एकमेकांना धरून बसतात. सेन्सर काढायला गेलं की व्हॉल्व्हच तुटतो. म्हणून पितळेवर पितळ ठेवावं किंवा अधूनमधून सेन्सर काढून आटे स्वच्छ करावेत.

काहीच न लावता

हा पर्याय लोक उगाच कमी लेखतात. चक म्हणजे हवेच्या पाइपचं व्हॉल्व्हवर लावायचं टोक. दोन तोंडांचा लांब चक मिळतो. त्याचं एक तोंड पुढे ढकलून लावायचं, ते आतल्या चाकासाठी. दुसरं स्वतःकडे ओढून लावायचं, ते बाहेरच्या पाठमोऱ्या व्हॉल्व्हसाठी. गेजही तशाच डोक्याचं मिळतं. टायरला काहीही जोडलेलं नाही, म्हणजे गळायला नवीन जागाच नाही. मोठ्या, 22.5 इंची ॲल्युमिनियम चाकांच्या गाड्यांना बहुतेक वेळा एवढंच पुरतं, कारण तिथे भोकं मोठी असतात आणि व्हॉल्व्ह मुळातच धातूचे, लांब असतात. 16 इंची स्टीलच्या चाकांवर हात जेमतेम शिरतो आणि कव्हर असेल तर चक तिरका लागून फसफस हवाच जाते. अशा वेळी कव्हर काढून पाहा. कित्येकदा खरी अडचण तेच असतं.

या पर्यायाची अट एकच: तुम्ही खरोखर तपासणार का? दर प्रवासाच्या दिवशी, टायर थंड असताना, चारही चाकं. तापमान साडेपाच अंशांनी बदललं तरी या टायरांचा दाब अंदाजे दोन टक्क्यांनी हलतो, त्यामुळे दुपारी रस्त्यात थांबून मोजलेला आकडा सकाळच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

दोन्ही टायर जोडणारी झडप

क्रॉसफायरसारखं उपकरण बाहेरच्या चाकाच्या मध्यभागी बसतं आणि दोन नळ्यांनी जोडीचे दोन्ही टायर एकत्र करतं. दाब आपोआप सारखा राहतो, हवा एकाच तोंडातून भरता येते, दाब ठीक आहे की नाही ते लांबून दिसतं, आणि एका बाजूची हवा फार गेली की झडप बंद होऊन दुसरा टायर वाचतो. मालवाहू ट्रकांवर, जिथे गाडी रोज धावते आणि रोज कोणीतरी पाहतं, तिथे हे शोभतं. मोटरहोम महिनोन् महिने उभी असते. नळ्या आणि जोड इथेही आहेत आणि बारीक गळती लागली तर दोन्ही टायर सोबत उतरतात. मी त्याऐवजी सेन्सर निवडेन.

मग कुणी काय घ्यावं

16 इंची स्टीलची चाकं आणि रबरी व्हॉल्व्ह असतील तर अखंड धातूचे व्हॉल्व्हच घ्या. पुढच्या टायर बदलापर्यंत थांबायचं असेल तर तोवर दुतोंडी चक. धातूचे व्हॉल्व्ह आधीपासून असतील तर आतल्याला आधारासह ताठ एक्स्टेंडर आणि बाहेरच्याला चक, एवढ्यावर भागतं. गाडी नुकतीच जुनी विकत घेतली असेल आणि तिच्यावर आधीपासून लवचिक नळ्या असतील, तर पहिल्या लांब प्रवासाआधी त्या काढा, मूळ पिना घट्ट आहेत का ते पाहा आणि रबरी वॉशरच्या टोप्या लावा. जुन्या नळीचं वय कुणालाच माहीत नसतं.

नळ्या ठेवायच्याच असतील तर रस्त्यात पंक्चर झाल्यावरचा क्रम गाडीत लिहून ठेवा: बाहेरचं चाक ओढण्याआधी आतल्या चाकाची नळी पट्टीतून सोडवायची. अंधारात, घाईत, दुसऱ्याच्या हातून हे राहून जातं आणि चाकाबरोबर नळी तुटून येते. चाकं परत बसवल्यावर नट 80 ते 160 किलोमीटरनंतर ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) पुन्हा आवळायचे असतातच. त्याच थांब्यावर, टायर गरम असले तरी, साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर एकदा मारून घ्या.