गेटवे की वेब सर्व्हिस?

वाळूजच्या कारखान्यात मेंटेनन्स बघणारा मित्र अडकलाय. पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) मॉडबसवर बोलतो, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बॅकनेटवर; दोघांच्या भाषा वेगळ्या. दोन्ही एका स्क्रीनवर हवेत.

गेटवे म्हणजे दोन भाषांमधला दुभाषी डबा. स्वस्त, पॅनेलमध्ये बसवला की काम सुरू. पण मॅपिंग हाताने करायचं: रजिस्टर (पीएलसीच्या मेमरीतला कप्पा) ४०००१ मध्ये २५३ दिसतं, ते २५.३ अंश आहे हे वहीत लिहावं लागतं. वही हरवली की नवा माणूस आंधळा!

वेब सर्व्हिस म्हणजे एक प्रोग्राम दुसऱ्याला नेटवर्कवरून माहिती देतो. त्यात नाव, आकडा, एकक सोबत पाठवता येतं. ईआरपीही (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) तेच वाचतं. १९७९ च्या मूळ मॉडबसमध्ये पासवर्डच नाही, इथे एचटीटीपीएस (सुरक्षित वेब जोडणी) वापरता येतं. खर्च प्रोग्रामरचा, शिवाय एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटची मुदत सांभाळायची. सेफ्टी इंटरलॉक (धोका दिसताच मशीन थांबवणारी व्यवस्था) मात्र यावर टाकूच नका.

वीस-तीस पॉइंट (वाचायचे आकडे), एकच प्लांट असेल तर गेटवे घ्या. वाळूज, शेंद्रा, जालना अशा तीन प्लांटच्या विजेचा एकत्र हिशेब हवा असेल तर वेब सर्व्हिसच.